अंगठ्याला साक्षीदार कोण?

नरखेड तालुक्यात संत्र्याची तोड सुरू झाली की मजुरीचे पैसे गावोगाव फिरू लागतात. पूर्वी ते मुकादमाच्या हातून रोख फिरत. आता त्यांतील बराचसा भाग बँक खात्यातून जातो. शाखा मोठ्या गावात असते, मजूर लहान गावात असतो. या दोहोंमधला दुवा म्हणजे किराणा दुकानाच्या कोपऱ्यात मांडलेले, काडेपेटीहून थोडे मोठे असे एक यंत्र. त्याच्या काचेवर अंगठा ठेवायचा आणि पैसे घ्यायचे. पुष्कळदा अंगठा ‘लागत नाही’. मग तो धोतराला पुसतात, कपाळावर किंवा केसांवरून फिरवतात, दुसरे बोट लावून पाहतात. बोट जिवंत आहे, माणूस समोर उभा आहे, दुकानदार त्याला बालपणापासून ओळखतो. तरीही यंत्राच्या लेखी तो अनोळखी असतो.

ठसा म्हणजे बोटाच्या कातडीवरील उंचवट्यांच्या रेघा. आईच्या उदरातच त्या ठरतात आणि आयुष्यभर त्यांची मूळ ठेवण बदलत नाही. मात्र ठेवण कायम असली तरी ती वाचता येईलच, असे नाही. विळा, कुदळ, चुना, सिमेंट, धुण्याभांड्यांचा साबण यांनी रेघा झिजतात. वयाबरोबर कातडी सुकते व सैल पडते. यंत्र संपूर्ण ठशाचे चित्र ताडून पाहते अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः रेघ कोठे संपते व कोठे फाटा फुटतो, अशा काही खुणांचे नकाशे ते जुळवते आणि साम्याला गुण देते. ठरावीक मर्यादेपेक्षा गुण जास्त पडले तर ‘जुळले’, कमी पडले तर ‘जुळले नाही’. म्हणजे यंत्र खरे-खोटे सांगत नाही. ते शक्यता सांगते, आणि उत्तीर्ण होण्याची रेषा कोणीतरी माणसाने आखलेली असते. रेषा वर नेली तर खरा माणूस परत पाठवला जातो. खाली आणली तर खोटा आत शिरतो. दोन्ही चुका एकाच वेळी शून्यावर आणणारे यंत्र अद्याप बनलेले नाही.

बँकेत नमुना सह्यांची कार्डे असत, हे जुन्या खातेदारांना आठवत असेल. धनादेशावरील सही त्या खातेदाराच्या कार्डाशी ताडून पाहणे हे एक काम. पण नाव पुसलेली एखादी सही हातात देऊन ‘शाखेतील सगळ्या कार्डांतून ही कोणाची ते शोधा’ असे सांगितले तर ते अगदी निराळे काम झाले. पहिल्यात चूक होण्याची एकच संधी असते, दुसऱ्यात जितकी कार्डे तितक्या. किराणा दुकानातील यंत्र पहिले काम करते. पोलिसांचा संगणक गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या ठशावरून दुसरे काम करतो. वृत्तपत्रांतील चर्चेत या दोन कामांची सरमिसळ होते आणि एकाच्या यशाचा दाखला दुसऱ्याला दिला जातो.

पहिल्या, म्हणजे सोप्या कामाचे आकडेही डोळ्यांआड करण्याजोगे नाहीत. आधारचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालू असताना, २०१८ च्या मार्चमध्ये, प्राधिकरणाच्या मुख्य अधिकाऱ्यांनीच शासकीय सेवांसाठी ओळख पटण्याचे प्रमाण ८८ टक्के असल्याचे सांगितले होते. बँकांत ते त्याहून बरे होते. शंभरांतील बारा प्रयत्न फसणे ही दुकानाच्या हिशेबात मोठी तूट होय, आणि ही तूट सर्वांवर सारखी पडत नाही. ती म्हाताऱ्यांवर आणि हाताने राबणाऱ्यांवर पडते. म्हणजे ज्यांना त्या धान्याची वा पैशांची गरज अधिक, नेमकी त्यांच्यावर. आधार क्रमांक सर्वप्रथम वाटला गेला तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी. ज्यांच्यापाशी ओळखीचा दुसरा कागद नाही त्यांना ओळख मिळावी, हा त्यामागील हेतू होता. तो हेतू उणा लेखू नये. १९९१ च्या जुलैत वर्धा नदीच्या महापुराने मोवाड उद्ध्वस्त केले, ते या तालुक्याने पाहिले आहे. कागद पाण्यात जातात, बोटे माणसाबरोबर राहतात. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात न्यायालयाने बहुमताने ही योजना वैध ठरवली, बँक खाते व मोबाइल क्रमांक यांच्याशी जोडणीची सक्ती रद्द केली, आणि ठसा जुळला नाही म्हणून हक्काच्या लाभापासून कोणालाही वंचित ठेवता कामा नये, हेही बजावले. अंगठा लागत नाही म्हणून रेशन दुकानातून परत पाठवलेल्या म्हाताऱ्यास ही गोष्ट कोणी समजावून सांगितली, तर त्याचे एक काम होईल.

दुसऱ्या, अवघड कामाची खरी कसोटी गोव्यात लागली. २०१३ च्या जानेवारीत वास्को येथील एका शाळेत लहान मुलीवर अत्याचार झाला. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. घटनास्थळी बोटांचे ठसे सापडले होते. आरोपी मात्र सापडत नव्हता. तपास यंत्रणेच्या मनात सरळ विचार आला: गोव्यातील बहुतेक रहिवाशांचे ठसे आधारच्या कोठारात आहेतच, तेव्हा ते ताडून पाहावेत. स्थानिक न्यायालयाने तसा आदेश दिला. प्राधिकरणाने मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी येथील पीठाकडे दाद मागितली. २६ फेब्रुवारी २०१४ रोजी उच्च न्यायालयाने, असे ताडून पाहणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे किंवा कसे, हे तज्ज्ञांकडून तपासावे, असे सांगितले. तेथून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

येथे मोठी विलक्षण गोष्ट घडली. ज्या संस्थेने ही व्यवस्था उभारली, तिनेच न्यायालयासमोर तिच्या मर्यादा मांडल्या. हे ठसे नागरी सेवेसाठी घेतले आहेत, गुन्हे शोधण्यासाठी नव्हेत. त्यांवरून गुन्हेगार शोधू गेल्यास निरपराध माणसे संशयाच्या जाळ्यात येतील, असे तिचे म्हणणे होते. तिच्याच २०१२ च्या अहवालात, ८.४ कोटी नोंदींच्या कोठाराशी ताडून पाहता ०.०५७ टक्के व्यक्ती चुकीने दुसऱ्याच कोणाशी जुळतात, असे नमूद होते. म्हणजे दर लाखामागे ५७. आणि हे दहाही बोटे व दोन्ही डोळे शांतपणे, यंत्रासमोर बसवून घेतलेले असताना! दाराच्या कडीवर उमटलेला अर्धामुर्धा, पुसट ठसा घेऊन त्याच कोठारात शिरले तर काय होईल, याचा अंदाज व्यापारी माणसास सहज करता येईल. २४ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशास स्थगिती दिली आणि व्यक्तीच्या लेखी संमतीवाचून तिची जैविक माहिती कोणत्याही यंत्रणेस देऊ नये, असे बजावले. पुढे २०१६ च्या आधार कायद्यात कलम २९ आले. ठसे व बुबुळांची मूळ माहिती कोणत्याही कारणास्तव कोणालाही देता येणार नाही, असे ते म्हणते. एका बाजूस अत्याचारित बालिका, दुसऱ्या बाजूस लाखो निर्दोष रहिवासी. निर्णय सोपा नव्हता. तो झाला तो मात्र योग्यच झाला.

याचा अर्थ पोलिसांना ठसे घेता येत नाहीत, असा नाही. त्या प्रश्नाचा निकाल मुंबई राज्याच्याच एका खटल्यात, काठी कालू ओघड प्रकरणी, १९६१ साली अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने लावला. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येत नाही, हे संविधानाचे अभय आहे. परंतु बोटाचा ठसा देणे म्हणजे साक्ष देणे नव्हे, असे त्या पीठाने ठरवले. आता १९२० च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२२ चा नवा कायदा आला असून तळहात, पाऊल, बुबुळ यांच्यासह किती तरी मोजमापे त्यात आली आहेत. ही नोंद ७५ वर्षे ठेवता येते. महाराष्ट्र पोलिसांची ठसे, चेहरा आणि बुबुळ एकत्र शोधणारी ‘अ‍ॅम्बिस’ प्रणाली चालू आहे, आणि पोलीस तपासात कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्यासाठी राज्याने २०२४ मध्ये स्थापलेली ‘मार्व्हल’ ही कंपनी तर नागपुरातच आहे. म्हणजे हा विषय दिल्ली-मुंबईचा राहिलेला नाही.

ठसेशास्त्र अचूक आहे, त्यात चुकीला वा शंकेला वाव नाही, अशा आशयाचे मत सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली जसपाल सिंग प्रकरणी नोंदवले होते. हस्ताक्षराच्या तज्ज्ञाला न्यायालये जपून ऐकत. ठशाच्या तज्ज्ञाला असा मान होता. या विश्वासाला जगभर मोठा हादरा बसला तो २००४ साली. माद्रिदच्या रेल्वेगाड्यांतील स्फोटांनंतर एका पिशवीवर सापडलेला ठसा अमेरिकेतील ब्रँडन मेफिल्ड या वकिलाचा असल्याचे तेथील केंद्रीय तपास संस्थेने छातीठोकपणे सांगितले. एकाहून अधिक तज्ज्ञांनी दुजोरा दिला. मेफिल्ड अटकेत पडले. स्पॅनिश पोलिसांना हे पटले नव्हते. अखेर तो ठसा अल्जीरियाच्या एका नागरिकाचा निघाला. सरकारने माफी मागितली व २० लाख डॉलर भरपाई दिली. संगणकाने कोट्यवधी नोंदींतून जो ‘जवळचा’ ठसा काढून दिला तो इतका जवळचा होता की माणसांचे डोळेही फसले. कोठार जितके मोठे, तितके असे जुळे सापडण्याची शक्यता अधिक, हा त्यातील बोध तज्ज्ञांनाही उशिरा उमगला. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ठशाविषयीचा अहवाल हे तज्ज्ञाचे मतच आहे. मताची उलटतपासणी करता येते, आणि वकिलांनी ती करावी.

चेहऱ्याची गोष्ट ठशाहून कच्ची आहे. चेहरा वयाने, दाढीने, उजेडाने, कॅमेऱ्याच्या कोनाने बदलतो. शिवाय तो माणसाच्या नकळत टिपता येतो. बोट काचेवर ठेवावे लागते, चेहरा रस्त्यावर उघडाच असतो. हरवलेली मुले शोधण्यासाठी दिल्लीत वापरलेल्या प्रणालीचे यश एक टक्क्याहूनही कमी असून ती मुलगा आणि मुलगी यांतही गल्लत करते, असे २०१९ मध्ये तेथील उच्च न्यायालयासमोर आले. त्याच दिल्लीच्या पोलिसांनी माहिती अधिकारात, ८० टक्के साम्य म्हणजे ‘जुळले’ असे आपण मानतो, असे उत्तर २०२२ मध्ये दिले. हे ८० टक्के कोणी व कशावरून ठरवले, हे जाणण्याचा नागरिकास काही अधिकार हवा की नको? अमेरिकेत डेट्रॉइट येथे २०२० च्या जानेवारीत रॉबर्ट विल्यम्स या गृहस्थांना घड्याळांच्या चोरीसाठी त्यांच्या पत्नी व मुलींसमोर अटक झाली. पुरावा होता तो दुकानाच्या कॅमेऱ्यातील अंधुक चित्राशी संगणकाने जुळवलेला चेहरा. तो त्यांचा नव्हता. इंग्लंडमध्ये त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अपील न्यायालयाने वेल्सच्या पोलिसांचा असा वापर बेकायदा ठरवला, कारण कोणाचा चेहरा शोधायचा व कोठे, याचे नियमच धड नव्हते. भारतात या तंत्रासाठी स्वतंत्र कायदा नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने मान्य केलेला खासगीपणाचा मूलभूत हक्क, एवढाच आधार आहे. तो मोठा आहे, पण त्यासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते.

आता आपल्या पेढीकडे वळू. बोटाच्या ठशाचा आधुनिक वापर पोलीस चौकीत नव्हे, तर एका ठेक्याच्या कागदावर सुरू झाला, हे थोड्यांना ठाऊक असते. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याच्या मालाचा ठेका देताना राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या हाताचा छाप कागदामागे उमटवून घेतला; पुढे त्याने ‘सही माझी नव्हे’ म्हणू नये, एवढाच हेतू. आपल्याकडे त्यापूर्वीपासून निरक्षर कुणबी दस्तावर नांगराची आकृती काढीत असे, आणि शेजारी ‘निशाणी नांगर, दस्तूर अमुक’ असे लिहिणाऱ्याचे नाव पडे. नांगर कोणीही काढू शकतो. त्यामुळे त्या निशाणीला किंमत होती ती लिहिणाऱ्यामुळे आणि साक्षीदारांमुळे. १८७५ साली सुपे येथून उसळलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. त्यांत गुजर-मारवाडी पेढ्याही होत्या, हा इतिहास आपल्या समाजाने विसरू नये. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन कायद्याने शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोरच व्हावा, अशी तरतूद केली. निशाणी आहे म्हणजे संमती आहे असे नव्हे, हे त्या कायद्याला कळले होते. बँकांतही अंगठा उठवणाऱ्या खातेदाराने स्वतः यावे, पैसे त्याच्या हाती द्यावेत आणि अंगठ्यास बँकेच्या ओळखीच्या माणसाने साक्ष घालावी, हा शिरस्ता त्याच शहाणपणातून आला.

यंत्र आले आणि साक्षीदार गेला. येथेच चोराला वाट मिळाली. १९०८ च्या नोंदणी कायद्यातील कलम ३२-अ अन्वये खरेदीखतावर दोन्ही पक्षांची छायाचित्रे व बोटांचे ठसे लागतात. जमीन, दुकान, गाळा, गोदाम, जे काही आपल्या कुटुंबाने गेल्या वीस-बावीस वर्षांत घेतले वा विकले, त्या प्रत्येक दस्तावर घरच्या कोणाचा तरी ठसा आहे. दस्तांच्या प्रती संकेतस्थळांवर गेल्या आणि त्यांतून ठसे उचलले जाऊ लागले. २०१८ मध्ये तेलंगणात एका सिमकार्ड विक्रेत्याने नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरील ठशांवरून नकली ठसे बनवून हजारो कार्डे चालू केली. नंतरच्या वर्षांत हरियाणा व इतरत्र हेच ठसे सिलिकॉनवर उतरवून आधार-संलग्न देयक प्रणालीतून लोकांची खाती रिकामी केली गेली. एका व्यवहाराची मर्यादा १० हजार रुपये; चोर दिवसाआड तेवढेच काढतो. ना पिन, ना ओटीपी. केंद्राने राज्यांना संकेतस्थळावरील ठसे झाकण्यास सांगितले, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत प्राधिकरणाने बोट जिवंत आहे की नकली, हे पारखणारी सुधारणा आणली. परंतु जे ठसे आधीच बाहेर गेले ते परत येणार नाहीत. गुप्तांक फुटला तर बदलता येतो, बोटे दहाच.

म्हणून घरातील प्रत्येकाने आधारच्या संकेतस्थळावरून वा ‘एम-आधार’मधून आपली जैविक ओळख कुलूपबंद करून ठेवावी. पासबुकावर अनोळखी वजावट दिसली की त्याच दिवशी शाखेत लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी आणि १९३० या क्रमांकावर कळवावे. रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक येथे उपयोगी पडते. सहकारी बँकांसाठीही तशाच सूचना त्या वर्षीच्या डिसेंबरात निघाल्या. ग्राहकाची वा बँकेची चूक नसताना व्यवस्थेत अन्यत्र फट राहिली असेल आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली असेल, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवस लागले तर ती मर्यादित. त्यानंतर बँकेच्या धोरणावर. दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा व्हावी आणि नव्वद दिवसांत निकाल लागावा, असेही त्यात आहे. सर्वांत महत्त्वाचे असे की जबाबदारी ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. ‘तुमचाच अंगठा लागला आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. अंगठा जुळला, एवढेच त्यावरून सिद्ध होते. माणूस तेथे होता, हे नव्हे.

ज्या कुटुंबांच्या दुकानात बँक मित्राचे यंत्र आहे, त्यांची बाजू आणखी नाजूक. ‘लागला नाही, पुन्हा ठेवा’ असे सांगून दोनदा पैसे काढणारे महाभाग आहेत, आणि त्यांच्यामुळे प्रामाणिक दुकानदारही संशयात येतो. फसलेल्या प्रयत्नाचीही पावती ग्राहकाला द्यावी. वहीत वेळ, रक्कम व ग्राहकाची सही-अंगठा घ्यावा. वही हा व्यापाऱ्याचा जुना साक्षीदार आहे. रिझर्व्ह बँकेनेही २०२५ च्या जूनमध्ये अशा चालकांची नीट पडताळणी करण्याचे दायित्व बँकांवर घातले आहे.

दालमिल, जिनिंग, कापड दुकान येथे नोकरांच्या हजेरीसाठी ठशाची वा चेहऱ्याची यंत्रे बसली आहेत. मालकांना ती घड्याळासारखी निरुपद्रवी वाटतात. वास्तविक २०११ च्या नियमांनुसार ठसा व चेहरा ही संवेदनशील माहिती असून ती घेताना लेखी संमती लागते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले. मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतील. सुरक्षेत कसूर झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. लहान पेढीला एवढा दंड कोणी करणार नाही हे खरे, पण नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा ठसा यंत्रात तसाच पडून आहे काय, यंत्र दुरुस्तीला नेणारा ते कोठार बरोबर नेतो काय, हे आजच विचारून घ्यावे. नोकराचा अंगठा न लागल्याने त्याचा अर्धा दिवस कापला जात असेल, तर हजेरीची कागदी वही शेजारी असावी. मजुरीच्या वादात ती मालकाच्याही कामी येईल.

कुलूपबंद केलेल्या ओळखीबाबत एक अडचण ध्यानात असावी. घरातील निवृत्तिवेतनधारक नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यास गेले की त्यांचा अंगठाही लागणार नाही आणि चेहराही. ते कुलूप तेवढ्या वेळापुरते उघडून, काम होताच पुन्हा लावावे लागते. ज्यांना मोबाइल हाताळता येत नाही त्यांच्याबरोबर नातवंडांपैकी कोणी जावे. तेही जमत नसेल तर छापील हयात-दाखला शाखेत स्वतः जाऊन देण्याची सोय अजून चालू आहे. त्यावर सही वा अंगठा अधिकाऱ्यासमोर होतो.